डाव्या पायाचं हाड

शरीररचना विभागाच्या मॅडम संशयी आहेत, हे अख्ख्या पशुवैद्यकीय कॉलेजला ठाऊक होतं. भाजीवाल्याने तराजू उचलला की त्या भाजीआधी काट्याकडे बघायच्या. तोंडी परीक्षेत एखाद्या पोराने चक्क बरोबर उत्तर दिलं, तर 'हे तुला कुणी सांगितलं?' म्हणून उलट त्यालाच दरडावायच्या. आणि गंमत बघा, अशा बाईने तीस वर्षं एका हाडाकडे रोज बघितलं आणि एकदाही संशय घेतला नाही.

ते हाड कॉलेजच्या घोडीचं. दर्शनी दालनात शिरलं की समोरच चौथऱ्यावर तिचा सांगाडा उभा होता, तारांनी बांधलेला, मान थोडी वळवलेली. कॉलेजचा सगळा इतिहास तिच्यापासून सुरू व्हायचा. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी या जागेच्या थोरल्या मालकांच्या या लाडक्या घोडीचा पुढचा डावा पाय मोडला. गुडघ्याखालची नळी, मधोमध. तेव्हा अशा घोड्याला सरळ गोळी घालायचे. पण एका तरुण डॉक्टरने पाय बांधला, घोडी बरी होऊन पुन्हा धावली, आणि मालकांनी खूश होऊन आपली जागा कॉलेजला देऊन टाकली. तो डॉक्टर म्हणजे कॉलेजचे संस्थापक. घोडी पुढे अकरा वर्षं जगली आणि विसाव्या वर्षी म्हातारी होऊन गेली. दानपत्रात मालकांनी एकच अट घातली होती: माझी घोडी या आवारात उभी आहे तोवर जागा कॉलेजची.

"आणि पाय असा बेमालूम सांधला, की बघा, खूणसुद्धा उरली नाही!" दर वर्षी नव्या पोरांपुढे मॅडम हे वाक्य म्हणायच्या आणि पोरं माना डोलवायची. कॉलेजच्या पंच्याहत्तरीला इतिहासाचं पुस्तक निघालं, त्याचं पहिलं प्रकरणही मॅडमनीच लिहिलं आणि त्यातही हे वाक्य घातलं.

त्या सोमवारी पहिल्या वर्षाची एक चष्मेवाली पोरगी मात्र मान डोलवायची विसरली.

"मॅडम, मोडलेलं हाड सांधलं की तिथे गाठ राहतेच ना? तुम्हीच शिकवलंत गेल्या आठवड्यात."

"राहते," मॅडम म्हणाल्या.

"मग हिला का नाही?"

मॅडमनी घड्याळ बघितलं, तास पाच मिनिटं आधी सोडला, आणि दालन रिकामं झाल्यावर चौथऱ्यापाशी गुडघे टेकून बसल्या. नळीवर बोट फिरवलं. गुळगुळीत. मग त्यांनी उजव्या पायाची नळी बघितली, पुन्हा डावी बघितली. नळीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूचा सपाट भाग मोठा असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. इथे डाव्या पायात तो बाहेरच्या बाजूला होता. म्हणजे हाड उजव्या पायाचं! घोडीला पुढचे दोन्ही पाय उजवे, आणि तीस वर्षांत एकाही विद्वानाला पत्ता नाही. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

कुणीतरी खरं हाड पळवलं होतं.

दुपारी प्राचार्यांचं बोलावणं आलं. टेबलावर वकिलाची नोटीस होती, थोरल्या मालकांच्या नातवाने पाठवलेली. आवारात उभी असलेली घोडी आमचीच आहे का, याची आपल्याला शंका असून शुक्रवारी अकरा वाजता आपण आपला पशुवैद्य घेऊन तपासणीला येऊ, घोडी दुसरी निघाली तर जागा परत घेऊ, असं त्यात लिहिलं होतं.

"आहे ना आपलीच?" प्राचार्यांनी विचारलं. ते पशुआहाराचे प्राध्यापक. हाडांशी त्यांचा संबंध ताटापुरता.

"बघते," मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांना ते उत्तर मुळीच आवडलं नाही, आणि आवडावं तरी का? वर्गखोल्या, जनावरांचा दवाखाना, गोठे, चारशे पोरं, सगळं त्या एका सांगाड्याच्या चार पायांवर उभं होतं.

बाहेर पडता पडता मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी पोरगी विचारते आणि दुपारी नोटीस येते? हा योगायोग? कसला डोंबलाचा योगायोग! त्यांनी त्या पोरीचा प्रवेशअर्ज काढून बघितला. वडील शिंपी, आई शाळेत शिक्षिका. मालकांच्या घराण्याशी संबंध शून्य. तरी मॅडमनी आडनाव दोनदा वाचलं.

मग त्यांची नजर वळली मामांकडे.

मामा म्हणजे संग्रहालयाचे राखणदार. मॅडम शिकायला आल्या त्याच वर्षी ते नोकरीला लागले. हाडं उकळायची, घासायची, तारेत ओवायची, बरण्यांतलं औषध बदलायचं, हे सगळं त्यांच्याकडे. मणक्यांची माळ ते डोळे मिटून लावायचे, म्हणून पोरं त्यांना लाडाने 'मणकेमामा' म्हणायची. दालनाची किल्ली फक्त त्यांच्याकडे. आणि त्यांच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट होतं, त्याचीही.

"मामा, घोडीचा डावा पाय कधी सोडवला होता का हो?" मॅडमनी सहज विचारल्यासारखं केलं.

मामांच्या हातातला फडका थांबला. "नाही बा," ते म्हणाले, आणि पत्र्याच्या कपाटाकडे बघितलं. बघितलं ते बघितलंच, वर पुढे होऊन त्याचं कुलूप ओढून पाहिलं.

झालं! मॅडमला तेवढं पुरे होतं.

मंगळवारी आणि बुधवारी त्या मामांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होत्या. मामा सकाळी हलकी पिशवी घेऊन येतात आणि संध्याकाळी जड घेऊन जातात, असं त्यांना दिसायला लागलं. बुधवारी मामा औषध आणायला भांडारात गेले तेव्हा मॅडमनी, विभागप्रमुख असून, दाराआड उभं राहून ती पिशवी उघडली. आत रिकामा डबा, पाण्याची बाटली, एक मफलर आणि नातवंडासाठी मोडक्या बरणीच्या झाकणाचा केलेला भोवरा. मॅडमला स्वतःची अशी लाज वाटली की विचारू नका. पण संशय काही गेला नाही.

घरी नवरा म्हणाला, "दोन दिवस जेवताना माझ्या हाताकडे का बघतेस?"

"मनगटाची हाडं बघतेय."

"माझीच आहेत," तो म्हणाला. "लग्नाच्या आधीपासूनची."

एरवी मॅडम हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जागा गेली तर चारशे पोरं जातील कुठे? आणि पुस्तकात मी छातीठोकपणे लिहिलंय." नवऱ्याने मुकाट्याने त्यांच्या ताटात वाढलं.

गुरुवारी सकाळी मॅडमनी आणखी एक गोष्ट केली, जी खरं तर सोमवारीच करायला हवी होती. त्यांनी घोडीच्या तोंडात बघितलं. घोड्याचं वय दातांवर लिहिलेलं असतं. पुढच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे वयाबरोबर झिजतात, म्हातारपणी दात लांब आणि तिकोनी होतात. ही घोडी विसाव्या वर्षी गेलेली. मॅडमनी विजेरी धरली, भिंग लावलं. दात आखूड, आडवे, खळगे खालच्या दातांत नुकतेच बुजलेले. नऊ वर्षं. फार तर दहा, त्याहून एक दिवसही जास्त नाही.

म्हणजे एक हाडच नाही, अख्खी घोडीच बदललेली!

त्या प्राचार्यांकडे धावल्या. प्राचार्यांनी सगळं ऐकलं, घाम पुसला, उठून दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, दात कानशीने घासून वीस वर्षांचे करता येतात का हो?"

"सर!"

"नाही, आपलं विचारलं."

"घोड्यांचे दलाल म्हाताऱ्याला तरुण करतात," मॅडम म्हणाल्या. "तरुणाला म्हातारं करणारे आपण पहिलेच ठरू."

पण खोटं कशाला बोला, परत येताना त्यांनी कार्यशाळेच्या खिडकीतून आत बघितलं, आणि कानस कुठल्या खिळ्याला टांगलीय हे त्यांच्या नीट लक्षात राहिलं. त्याची त्यांना भीती वाटली. म्हणून त्या तिथून थेट मामांच्या खोलीत गेल्या.

"मामा, कपाटाची किल्ली."

"त्यात जुनी औषधं आहेत, मॅडम."

"किल्ली."

"चौतीस वर्षांत कुणी मागितली नाही."

"उद्या अकरा वाजता जागा जाणार आहे, मामा! तुम्ही काय विकलंत, कुणाला विकलंत, ते आत्ताच्या आत्ता सांगा."

मामांचं तोंड एवढंसं झालं. ते स्टुलावर बसले. चौतीस वर्षं ज्या बाईला हाडं पुसून हातात दिली, ती बाई हे बोलली, याचं त्यांना फार लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. डोळे पुसले.

"विकलं म्हणता?" ते म्हणाले. "मी राखलंय, मॅडम. तुम्ही ते कपाट उघडू नका. उघडलंत तर तुमचंच पुस्तक खोटं पडेल."

त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

कपाटात खरोखरच जुनी औषधं होती. मागे, खालच्या फळीवर, कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मॅडमनी सोडलं. डाव्या पायाची नळी निघाली, पण दोन तुकड्यांत. मॅडमनी तुकडे खिडकीपाशी नेले. मोडल्या जागी नव्या हाडाचा मागमूस नव्हता. एका तुकड्याचं टोक सच्छिद्र झालेलं, पू खाऊन गेलेलं. हा पाय कधी सांधलाच नव्हता. असा पाय घेऊन कुठलंही जनावर अकरा वर्षं काय, अकरा दिवस जगत नाही.

कापडाच्या घडीत एक कागद होता. संस्थापकांचं अक्षर मॅडम ओळखत होत्या. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला.

"हे कुणी ठेवलं?"

"माझ्या आधीच्या राखणदाराने," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. "संस्थापक होते तोवर घोडी त्यांच्या खोलीत असायची, हाच मोडका पाय लावून. ते गेले, थोरले मालकही गेले. मग कुठल्याशा समारंभाला मोठे पाहुणे येणार होते, तेव्हाच्या प्राचार्यांनी घोडी दालनात आणवली. म्हणाले, कॉलेजच्या दारात मेलेलं जनावर कशाला दाखवायचं? चांगलं हाड लावा. हाताला आलं ते लावलं. बरं झाल्याची गोष्ट त्यांनीच त्या दिवशी भाषणात सांगितली. मला किल्ली देताना सांगितलं गेलं, हे टाकू नको आणि दाखवूही नको."

"म्हणजे घोडी तीच आहे."

"तीच. नऊ वर्षांचीच गेली बिचारी."

मॅडमनी डोकं धरलं. घोडी खरी होती आणि पुस्तक खोटं होतं. पुस्तक खरं म्हणावं, तर दात बघून नातवाचा पशुवैद्य घोडीला खोटं ठरवणार आणि जागा जाणार. घोडी खरी म्हणावी, तर नातवाला तोंडावर सांगायचं, की तुमच्या आजोबांची घोडी आमच्या संस्थापकांच्या हातून मेली. ते ऐकून तरी तो जागा ठेवेल कशावरून?

त्या दिवशी संध्याकाळी त्या कार्यशाळेसमोरून गेल्या, पण खिडकीकडे बघितलं नाही. मामांची माफी मागायची राहून गेली.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला नातू आला. पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीचा सदरा, चेहरा असा की सगळं जग आपल्याला फसवायला टपलंय. मॅडमला तो बघताक्षणी ओळखीचा वाटला. रोज आरशात दिसायचा तो चेहरा! बरोबर बाहेरगावचा एक वृद्ध पशुवैद्य होता, या कॉलेजात न शिकलेला. प्राचार्य दाराशी अवघडून उभे. मामा कोपऱ्यात.

पशुवैद्याने नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. थेट तोंडात बघितलं.

"नऊ वर्षं," तो म्हणाला.

मग वाकून पाय बघितले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "आणि पुढचे दोन्ही पाय उजवे."

नातवाने बगलेतलं पुस्तक काढलं. मॅडमचं पुस्तक. खूण घातलेलं पान उघडून त्याने वाचून दाखवलं: "'विसाव्या वर्षी तिने समाधानाने देह ठेवला.' हे कुणी लिहिलंय?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"मग ही कोण?"

प्राचार्य खाकरले. "त्याचं असं आहे, कागदपत्रांत कुठेतरी वयाचा घोळ..."

"सर, थांबा," मॅडम म्हणाल्या. "मी लिहिलंय ते खोटं आहे. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायला हवं होतं. दात आणि पाय दोन्ही माझ्यासमोर होते. मामा, आणा."

मामांनी कापड आणून टेबलावर उघडलं. वृद्ध पशुवैद्याने दोन्ही तुकडे उचलले, उजेडात फिरवले, वरचा तुकडा सांगाड्याच्या उजव्या नळीशेजारी धरून बघितला. जोडी तंतोतंत जुळली. त्याने मान हलवली आणि तुकडे जपून खाली ठेवले.

मॅडमनी कागद वाचायला घेतला. "'घोडी, वय नऊ. पुढचा डावा पाय, नळी मोडलेली. फळ्या लावून मी पट्टी बांधली. पट्टी फार घट्ट झाली. चौथ्या दिवशी खूर थंड लागला, तरी मी ती सोडली नाही, कारण हाड हलेल अशी भीती वाटली. पाय सडला. नवव्या दिवशी घोडी गेली. चूक माझी आहे.'"

नातवाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"म्हणजे मारली तुम्ही लोकांनी तिला!" तो म्हणाला. "आणि वर इतकी वर्षं बरी केली म्हणून मिरवता? मला लहानपणापासून हेच कळत नव्हतं. घोडी बरी झाली म्हणता, मग आजोबांनी पुन्हा घोडा का नाही पाळला? तबेल्याला कुलूप का? तिचा विषय निघाला की ते ताटावरून उठायचे. मी सहा वर्षांचा होतो, तरी कळायचं की काहीतरी लपवलं जातंय. मग तुमचं हे पुस्तक वाचलं आणि वाटलं, जागा तुम्ही त्यांना फसवून घेतलीत."

"अजून आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुढे वाचलं. "'मालक नऊ दिवस गोठ्यात बसून होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पट्टी किती घट्ट बांधायची हे तुला कुणी शिकवलं नाही? मी म्हणालो, शिकवायला इथे कुणी नाही. मी पुस्तकात बघून बांधली. तेव्हा ते म्हणाले, जागा मी देतो. शिकवायची सोय कर. हिचा पाय असाच ठेव, येईल त्याला दाखव.'"

मॅडमनी कागद त्याच्या हातात दिला. "खाली सही आहे. संस्थापकांच्या सहीशेजारी दुसरी."

नातवाने सही बघितली. ती त्याच्या ओळखीची होती, लगेच कळलं, कारण त्याचा अंगठा तिच्यावरून हळूच फिरला आणि तिथेच थांबला. तो वाचत राहिला. एवढासा कागद, पण त्याला तो संपेना. मग त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, भरदिवसा, चार परक्या माणसांसमोर.

"ठेव म्हणाले होते," तो मॅडमला म्हणाला. "मग का नाही ठेवलात?"

"लाज वाटली," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्य काहीतरी म्हणणार होते, पण मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प राहिले.

नातू आपल्या पशुवैद्याकडे वळला. "घोडी आमचीच आहे," तो म्हणाला. "तसं लिहून द्या."

मग चौथऱ्यापाशी जाऊन त्याने डाव्या पायातल्या त्या गुळगुळीत हाडाला बोट लावलं. "आणि हे काढा. तिचं तिला लावा."

मामांनी तार आणि पक्कड आणली. गुळगुळीत हाड सोडवून त्यांनी तार ओवायला घेतली. मॅडम त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या, पक्कड त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "मामा, मला माफ करा. मी तुमची पिशवीसुद्धा उघडून बघितली."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "भोवरा उलटा ठेवला होतात."

वरचा तुकडा बसला. खालचा मात्र दुसऱ्या कुणी धरल्याशिवाय तारेला येईना. नातवाने बाह्या मागे सारल्या, फरशीवर मांडी घातली आणि तो तुकडा दोन्ही हातांत धरला.

"किती घट्ट बांधायचं?" त्याने विचारलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या, "शिकवते."